न आलेल्या रुग्णाचे नाव

सप्रेम आशीर्वाद.

प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्याच्या रुग्णांची समन्वयक म्हणून काम करताना तू लिहिलेले पत्र दोनदा वाचले. ‘मी डॉक्टर नाही, मानसोपचारतज्ज्ञही नाही, दिवसभर फोन करते, तेच नऊ प्रश्न विचारते, गुण लिहून ठेवते. मग या उपचारात मी नेमकी कोण?’ असे तू विचारले आहेस. न आलेल्या माणसाला फोन करताना आपण उगाच त्याच्या मागे लागतो आहोत असे वाटून जीव कानकोंडा होतो, असेही लिहिले आहेस. या दुसऱ्या वाक्याने मी अस्वस्थ झालो, कारण याच संकोचात माझी अनेक वर्षे गेली.

नैराश्य आले आहे असे सांगत प्राथमिक केंद्रात फारसे कोणी येत नाही. झोप लागत नाही, पाठ दुखते, अन्नावर वासना नाही, असे सांगत माणसे येतात. त्यामागचे दुखणे मला ओळखता येत असे आणि त्याचा मला अभिमान होता. मी गोळ्या लिहून देई, ‘पंधरा दिवसांनी या’ असे सांगे, आणि रुग्ण आला नाही की त्याला बरे वाटले असेल असे धरून पुढचा केसपेपर उचली. एकदा एक शिक्षिका तब्बल आठ महिन्यांनी परत आल्या. त्यांनी पर्समधून माझ्याच चिठ्ठीवर घेतलेली दहा गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. सहा खणे फोडलेली होती, चार गोळ्या तशाच होत्या. पहिल्याच आठवड्यात मळमळ सुरू झाली, गुण तर काहीच येईना, म्हणून त्यांनी गोळ्या थांबवल्या होत्या. ही मळमळ बहुतेकांना थोड्या दिवसांत कमी होते, आणि औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात, एवढे सांगायला सहाव्या-सातव्या दिवशी केलेला दोन मिनिटांचा फोन पुरला असता. मधल्या काळात त्यांची नोकरी सुटली होती. ‘परत का आला नाहीत?’ असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘उठून येण्याइतके बळ असते, तर मला आजार आहे असे तुम्ही म्हटले असते का?’

म्हणून सांगतो, न आलेला रुग्ण बरा झाला असे कधीही धरून चालू नकोस. उठून येण्याची ताकद हिरावून घेणे हेच या आजाराचे लक्षण आहे, आणि आपण मात्र ज्याने येण्याची ताकद टिकवली त्याच्यावरच उपचार करत बसतो.

मी निष्काळजी नव्हतो, हेही तुला सांगावेसे वाटते. बाहेर रांग असे, एकेकाला जेमतेम पाच मिनिटे मिळत, आणि तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिलेली कितीतरी माणसे तिथवर पोहोचतच नसत. न आलेल्यांची नावे लिहिलेला एकही कागद आमच्याकडे नव्हता. तुझ्याकडे ती यादी आहे, आणि तू मला विचारतेस की तुझे काम काय!

अमेरिकेत १८ प्राथमिक केंद्रांत साठीच्या पुढच्या १,८०१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर, समन्वयक आणि सल्ला देणारा मानसोपचारतज्ज्ञ अशा चमूने ज्यांना सांभाळले, त्यांच्यापैकी ४५ टक्के रुग्णांची लक्षणे वर्षभरात निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. नेहमीच्या गटालाही औषधांची आणि तज्ज्ञांची दारे बंद नव्हती. फरक होता तो कोणीतरी पुन्हा पुन्हा विचारण्याचा, आणि गुण येत नसेल तर उपचार बदलण्याचा. गोव्यातील एका अभ्यासात तर वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी हे काम केले आणि सरकारी प्राथमिक केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा झाला. ते निष्कर्ष २०१० चे आहेत. तेव्हा ‘मी डॉक्टर नाही’ हे वाक्य पुन्हा लिहू नकोस.

नैराश्याची तीव्रता मोजणारे ते नऊ प्रश्न कंटाळवाणे वाटतात, हे मला समजते. तरीही ० ते २७ मधला तो आकडाच मानसोपचारतज्ज्ञाला प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसाविषयी बोलता येण्याचा आधार आहे. आठवड्याच्या बैठकीत तो तुझी यादी पाहतो, ज्यांचा आकडा हलत नाही त्यांच्यावर थांबतो आणि डॉक्टरांना सल्ला देतो. आकडा ५ च्या खाली नेणे हे आपले उद्दिष्ट आहे. आठ ते बारा आठवड्यांत तो निम्म्यावरही आला नाही, तर मात्रा, औषध किंवा समुपदेशन यांपैकी काहीतरी बदललेच पाहिजे. ‘थोडे थांबून पाहू’ असे डॉक्टर म्हणाले, तर किती आठवडे थांबलो आहोत ते त्यांना मोजून दाखव. वयाने लहान आहेस म्हणून गप्प बसू नकोस. मात्र नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या प्रश्नाला, शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर बैठकीची वाट पाहायची नाही. रुग्णाला एकटे न सोडता त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवायचे.

मागे लागल्यासारखे वाटू नये यासाठी पहिल्याच भेटीत सांगून टाक: ‘तुम्ही आला नाहीत तर मी फोन करणार आहे. कोणत्या वेळी करू? तुम्ही उचलला नाहीत, तर घरातल्या कोणाशी बोललेले चालेल?’ एवढे विचारून ठेवले की पुढचा फोन आगाऊपणाचा राहत नाही. आपण दिलेला शब्द पाळत असतो. हे शहाणपण मला फार उशिरा सुचले.

आता तू ज्यांच्याविषयी लिहिले आहेस त्या गृहस्थांकडे येतो. शेवटचा आकडा १९, त्यानंतर तीन फोन उचलले नाहीत, आणि ‘इच्छा दिसत नाही’ असा शेरा मारून नाव काढावे का, असे तू विचारतेस. नाव काढायचे नाही. न आलेला रुग्ण बरा झाला असे धरायचे नाही आणि त्याला इच्छा नाही असेही धरायचे नाही. तिन्ही फोन दुपारीच केलेले दिसतात. उद्या सकाळी कर. त्यांनी घरातल्या कोणाचा क्रमांक संमतीने दिला असेल, तर त्यावरही कर, पण आजाराचा उल्लेख न करता. डॉक्टरांच्या सहीने दोन ओळींचे पत्र पाठव. या आठवड्याच्या बैठकीत त्यांचे नाव सर्वांत वर ठेव, आणि ते बोलले की पहिला प्रश्न गोळ्यांविषयी विचारू नकोस. काल रात्री झोप लागली का, ते विचार.

फोन उचलला गेला की मला कळव.