सही करण्याआधी कागद वाच

प्रश्न : ताई, अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका छोट्या ख्रिस्ती कॉलेजात मला प्रवेश मिळालाय. अख्ख्या कॉलेजात बाराशे मुलं. शिष्यवृत्ती चांगली आहे. पण आम्ही हिंदू, आणि कागदात 'चॅपल'ची, म्हणजे कॉलेजातल्या सामुदायिक प्रार्थनेची, हजेरी सक्तीची म्हटलंय. आईबाबांना धर्मांतराची भीती वाटते, मला एकटेपणाची. शिवाय तिसऱ्या वर्षी एक सत्र आणखी तिसऱ्याच देशात काढायचं म्हणे. जाऊ का? – एक वाचक, वय १८

उत्तर : अगं, २००६ साली मला हेच प्रश्न पडले होते आणि विचारायला कुणी नव्हतं. मी इंडियानातल्या अशाच एका कॉलेजात चार वर्षं काढली. मेनोनाइट या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं कॉलेज, तिन्ही बाजूंना मक्याची शेतं, आणि गाडी नसेल तर बाजारात जायला कुणाला तरी विचारावं लागायचं.

आधी आईबाबांचं. 'ख्रिस्ती कॉलेज' या दोन शब्दांवरून काहीच कळत नाही. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात विद्यार्थ्याला श्रद्धा आणि आचरणाबद्दलच्या करारावर सही करावी लागते. तिथे कॉलेजातला पहिला नाचाचा कार्यक्रम झाला तो २००३ साली, आणि कॉलेज १८६० चं! मिशिगनमधल्या कॅल्विनमध्ये चॅपल रोज असतं, पण यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणून तुझ्या कॉलेजाला ईमेल करून तीन गोष्टी लेखी माग : विद्यार्थ्याने सही करायचा पूर्ण मजकूर, चॅपलला किती हजेरी लागते आणि ती चुकली तर काय होतं, आणि सध्या इतर धर्मांची किती मुलं शिकताहेत. 'माझी अमुक श्रद्धा आहे' असं लिहून द्यायला सांगत असतील आणि ती तुझी नसेल, तर शिष्यवृत्ती कितीही मोठी असो, जाऊ नकोस. खोटी सही करून चार वर्षं राहणं फार जड जातं. नुसतं बसायचं, ऐकायचं असेल तर खुशाल जा.

माझ्याकडून कुठलीही सही मागितली नव्हती. आठवड्यातून दोनदा चॅपल असायचं. पहिल्या महिन्यात मी मागच्या बाकावर अंग चोरून बसायचे. मग एकदा सगळ्यांनी वाद्यांशिवाय चार वेगवेगळ्या सुरावटींत गायला सुरुवात केली. आपल्या भजनात सगळे एकच चाल धरतात. इथे शेजारची मुलगी वरचा सूर गात होती, पलीकडचा मुलगा खालचा, आणि ते एकमेकांत बसत होतं. त्यानंतर मी दोन ओळी पुढे सरकून बसायला लागले. 'तू ख्रिस्ती होणार का?' असं चार वर्षांत मला दोघांनी विचारलं. नाही म्हटल्यावर विषय संपला. माझी रूममेट परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्यासाठी प्रार्थना करायची, पण आधी मला विचारून. बायबलचा एक विषय सक्तीचा होता. आमचे प्राध्यापक प्रत्येक उताऱ्याला 'हे कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी?' असं विचारायला लावायचे. मजकूर वाचायचा कसा, हे मी त्या वर्गात शिकले.

एकटेपणाचं म्हणशील तर अशा ठिकाणी लपताच येत नाही. दोन तास बुडवले की प्राध्यापक जेवणाच्या टेबलाशी येऊन 'बरी आहेस ना?' म्हणतात. कधीकधी त्याचा त्रासही होतो. खरा एकटेपणा सुट्टीत येतो. पहिल्या थँक्सगिव्हिंगला हॉस्टेल बंद होणार हे मला चार दिवस आधी दाराला लावलेल्या कागदावरून कळलं. मी बिछान्यावर बसून रडले. शेवटी एका वर्गमैत्रिणीच्या आजीकडे गेले, पण ती मैत्रीण नसती तर? तू जाण्याआधीच विचार : सुट्टीत हॉस्टेल उघडं राहतं का, मेस चालू असते का, परदेशी मुलांना गावातलं एखादं कुटुंब जोडून देतात का.

आता ते तिसऱ्या देशातलं सत्र. ते टाळू नकोस. इंडियानातल्याच गोशेन कॉलेजाने १९६८ साली ही पद्धत सुरू केली : अर्धा काळ भाषा आणि अभ्यास, अर्धा काळ सेवेचं काम, आणि राहायचं तिथल्याच कुटुंबात. आमच्या कॉलेजातही तसंच होतं. मी २००९ च्या मेमध्ये पेरूला गेले. सहा आठवडे राजधानी लिमात (तिथे त्या दिवसांत ऊनच पडत नाही, सगळं शहर राखाडी), मग सहा आठवडे कुस्कोजवळ एका बालवाडीत. कुस्को ३,४०० मीटर उंचीवर आहे, पहिले दोन दिवस जिना चढताना धाप लागायची. घरातली 'मामा' (तिथे आईला असंच म्हणतात) रोज बटाटे सोलायला बसवायची आणि स्पॅनिश क्रियापदं चुकली की सुरी खाली ठेवून नीट म्हणून घ्यायची. आमच्या गटातली अमेरिकन मुलं तिथे पहिल्यांदाच परकी झाली होती. मला परकेपणाची तीन वर्षांची सवय होती, त्यामुळे रात्री घरच्या आठवणीने रडणाऱ्यांना समजावायला मीच असायचे.

कागदपत्रं मात्र तुझी तुला सांभाळावी लागतील. वर्गमित्रांना पेरूचा व्हिसा लागत नव्हता, मला लागला, आणि हे सगळ्यांच्या लक्षात उशिरा आलं. शिकागोच्या वकिलातीत मला दोन फेऱ्या झाल्या. तू सहा महिने आधी डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची कागदपत्रं बघणाऱ्या अधिकाऱ्याला, भेट. आय-२० वर, म्हणजे कॉलेजाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, प्रवासाची सही घे आणि परतायच्या दिवशी एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा, व्हिसा चालू असेल ना, ते बघ. बाहेरच्या त्या सत्रामुळे पुढे नोकरीच्या परवानगीवर काही परिणाम होतो का, हेही त्यांनाच विचार.

एक अडचण राहते. छोट्या कॉलेजात विषय कमी असतात. तुला काय शिकायचंय ते तू लिहिलेलंच नाहीस. त्या विभागात किती प्राध्यापक आहेत ते पाहा. दोनच असतील आणि त्यातला एक रजेवर गेला, तर तुझा एखादा विषय वर्षभर लांबतो. माझा लांबला होता. त्या सहीच्या कागदाची प्रत आली की मला परत लिही, आपण मिळून वाचू.