दोन आठवड्यांत वरिष्ठ अधिकाऱ्यांना नेतृत्वाचं काय शिकवायचं?

वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांसाठी दोन आठवड्यांचा नेतृत्व प्रशिक्षणवर्ग आखायचाय, त्यात काय ठेवावं, असं तुम्ही विचारलंय. आधी काय काढावं ते सांगतो: व्याख्यानं. वीस वर्षं बंदोबस्त केलेल्या माणसाला ‘नेत्याचे गुण’ ऐकवून काय होणार? निम्मा वेळ तरी टेबलटॉप सरावाला द्या, म्हणजे खोलीत बसून कल्पित प्रसंग हाताळायला.

सात-आठ जणांचा गट, एक खोली, तीन तास. प्रसंग समजा चेंगराचेंगरीचा. दर दहा-पंधरा मिनिटांनी नवी चिठ्ठी आत जाते: जखमींचा आकडा, मग त्याच्याशी न जुळणारा दुसरा आकडा, मग पत्रकाराचा फोन. प्रत्येक निर्णय वहीत उतरवायचा: वेळ, तेव्हा काय माहीत होतं, पर्याय कोणते, कोणता घेतला, बाकीचे का सोडले. हा शेवटचा रकाना बहुतेकांचा कोरा राहतो, आणि पुढे चौकशी लागली की नेमकं तेच विचारतात.

सरावात हमखास बिघडतं ते असं. सर्वांत ज्येष्ठ आधी बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. म्हणून पाच मिनिटं सगळ्यांनी मुकाट लिहायचं, वाचायला सुरुवात कनिष्ठापासून. दुसरं म्हणजे हुद्दा वरचा, पण जीव बॅरिकेड कुठे लावलं यात अडकलेला. १९८५च्या ब्रॉडवॉटर फार्म दंगलीनंतर लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी गोल्ड-सिल्व्हर-ब्राँझ रचना आणली ती यावरच उतारा आहे. गोल्ड धोरण ठरवतो, सिल्व्हर त्याची योजना करतो, ब्राँझ जागेवर राबवतो. वाटणी कामाची, हुद्द्याची नव्हे. सरावात गोल्डच्या हाती वायरलेस देऊच नका. पहिला तासभर चिडचिड होईल, होऊ द्या.

नंतरची चर्चा सरावाइतकीच लांब हवी. जेवणाची वेळ झाली म्हणून ती उरकली, की सराव फुकट गेला.

हाताखालच्यांचा निनावी अभिप्राय घ्या, पण निदान आठ जणांचा. तिघांचाच असेल तर कोण काय म्हणालं ते लगेच ओळखू येतं. तो वार्षिक मूल्यमापनाला जोडलात तर सगळे गोडगोडच लिहितील.

वर्ग निवासीच ठेवा आणि येण्याआधी चार्ज लेखी दुसऱ्याकडे द्यायला लावा. एफबीआयची नॅशनल अकॅडमी अधिकाऱ्यांना दहा आठवडे अमेरिकेतल्या क्वांटिकोला ठेवून घेते. तुमच्याकडे दोनच आहेत, त्यात दर तासाला ऑफिसचा फोन आला तर उरलं काय?

जाताना प्रत्येकाने आपल्या घटकातली एकच अडचण आणि तिच्यावरचा उपाय एका पानावर लिहून द्यावा. ९० दिवसांनी तेच पान पुढे ठेवून बोला, आणि त्या बैठकीची तारीख वर्ग सुटण्याआधीच ठरवा.