कोणती शैली निवडू?

‘कराटे शिकू, जूदो शिकू, की सरळ बॉक्सिंगच?’ असा प्रश्न घेऊन कोणी समुपदेशकाकडे येत असेल, यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. पण ‘निर्णयच होत नाही’ या तक्रारीच्या पोटात तो मला इतक्या वेळा भेटला आहे, की त्याविषयी एकदा सविस्तर लिहिणे भाग आहे.

तिशीच्या उंबरठ्यावरचे एक गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) पहिल्याच भेटीला तुलनेची वही घेऊन आले. १९९३ च्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत (वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांची एकमेकांशी झुंज) रॉयस ग्रेसी यांनी ब्राझिलियन जुजुत्सूच्या, म्हणजे जमिनीवर पाडून पकडीत धरण्याच्या शैलीच्या, बळावर आपल्याहून वजनदार प्रतिस्पर्ध्यांना कसे नमवले, क्योकुशिन कराटेच्या स्पर्धेत डोक्यावर लाथ चालते पण चेहऱ्यावर ठोसा का चालत नाही, ऐकिदो या जपानी युद्धकलेत सहसा स्पर्धाच कशा नसतात, हे सारे त्यांना मुखोद्गत होते. मात्र एकाही वर्गात त्यांनी अजून पाऊल ठेवले नव्हते.

“सर्वांत परिणामकारक शैली कोणती, एवढे कळले की मी लगेच सुरू करतो.”

“आणि निवडलेली शैली तशी नाही निघाली तर?”

“तर वर्षे वाया जातील. तसे होता कामा नये.”

माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेविषयीची स्वतःची ताठर मागणी अधिक जाचते, असे मानणाऱ्या परंपरेत मी काम करते; त्यामुळे त्या वहीपेक्षा ‘होता कामा नये’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटले. पुढच्या काही भेटींत मी शैलींची गुणवत्ता बाजूलाच ठेवली आणि प्रत्येक वर्गात नवशिक्याला पहिल्या महिन्यात काय करावे लागते, तेवढेच त्यांच्याकडून वदवून घेतले. बॉक्सिंगविषयी ते भरभरून बोलले: उभे राहण्याची ढब, पायांची हालचाल, जॅब म्हणजे पुढच्या हाताचा झटपट ठोसा. जूदोशी मात्र ते अडखळले.

“तिथे आधी पडायला शिकवतात.”

“हे वहीत का नाही?”

बराच वेळ ते गप्प राहिले. मीही घाई केली नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, हे मला अनुभवाने उमगले आहे.

“माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुले मला आपटतील आणि सगळे बघतील.”

“बघितले तर?”

“तर मी नवशिका आहे हे त्यांना कळेल.” आणि ते स्वतःच हसू लागले. “पांढऱ्या पट्ट्यावरून ते आधीच कळलेले असणार, नाही का?”

सर्वश्रेष्ठ शैलीच्या नावाखाली ते हार पत्करावी न लागणारी शैली शोधत होते, हे मला त्या हसण्यात स्पष्ट दिसले. तशी शैली नाही. १८८२ मध्ये कोदोकान ही जूदोची पहिली शाळा स्थापन करणाऱ्या जिगोरो कानो यांनी जूदोत ‘रान्दोरी’ला, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबरच्या मुक्त सरावाला, मध्यवर्ती स्थान दिले, तिथे आपटले जाण्यातून कोणाचीच सुटका नसते.

म्हणून असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आता शैलीऐवजी वर्ग पाहायला सांगते. शिकण्याआधी एक पूर्ण तास कडेला बसावे. प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबर सराव होतो का, हरल्याची खूण म्हणून थाप मारताच पकड लगेच सुटते का, सर्वांत कच्च्या विद्यार्थ्याशी शिक्षक कसे बोलतात, हे पाहावे. ठोशांचा प्रकार असेल, तर सरावात डोक्यावर किती जोराने मारू देतात हे स्पष्ट विचारावे, आणि उत्तर हसण्यावारी नेले तर तिथून उठावे. वर्षभराचे शुल्क आधी मागणाऱ्या ठिकाणी निदान महिनाभराची सोय आहे का, तेही विचारावे. घरापासूनचे अंतर हा क्षुल्लक निकष नाही. आठवड्यातून तीनदा जाता येईल असा साधारण वर्ग, महिन्यातून एकदाच जाणे जमेल अशा नामांकित वर्गापेक्षा मी नेहमीच वर ठेवते.

त्या गृहस्थांनी तीन वर्ग पाहिले आणि जूदो निवडला. कराटेचे व्हिडिओ ते अजूनही पाहतात. सराव चुकवून पाहत नाहीत, तोवर माझी त्याला हरकत नाही.