सर माझ्यावर नाराज आहेत का?

"सर माझ्यावर नाराज आहेत, मॅडम." विज्ञान शाखेत पीएच.डी. करणारी मुलं समुपदेशनाला येतात तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य येतंच. कुणाच्या गाइडनी दोन महिने प्रबंधाचं प्रकरण वाचलेलं नसतं, कुणाचे सर सतत दौऱ्यावर, कुणाच्या मॅडम कॉरिडॉरमध्ये दिसल्या आणि बोलल्याच नाहीत. तपशील वेगवेगळे, काळजी एकच. म्हणून त्यातली एक हकिकत जरा सविस्तर सांगते. तीन-चार जणींचे अनुभव एकत्र करून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून लिहिलं आहे, तेव्हा तिला नाव देत नाही.

विषय रसायनशास्त्र, पीएच.डी.चं दुसरं वर्ष संपत आलेलं. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावातून आलेली, घरात एम.एस्सी. झालेली पहिलीच. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षा जेआरएफसह, म्हणजे संशोधनासाठीच्या फेलोशिपसह, पहिल्या प्रयत्नात पास. समोर येऊन बसली तेव्हा रात्रीची झोप तीन तासांवर आली होती. लॅबमध्ये जाण्याआधी ती पार्किंगमध्ये डोकावायची. सरांची गाडी नसेल तरच वर जायची.

"नाराज आहेत हे कशावरून?"

"बोलत नाहीत."

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

"फेब्रुवारीत." आणि तेव्हा जुलै चालू होता.

"त्यांनी बोलावलं आणि तू गेली नाहीस, असं किती वेळा झालं?"

बराच वेळ ओढणीच्या टोकाशी चाळा चालला. मग म्हणाली, "तीनदा. जाऊन दाखवायला काही नव्हतं."

मार्चमध्ये तिची एक अभिक्रिया सुरेख जमली होती, ७४ टक्के उत्पादन. जूनपासून तीच अभिक्रिया, तीच रसायनं, तोच हात, आणि उत्पादन तिशीच्या आत, तेही अशुद्ध. अकरा वेळा करून पाहिली. अकराव्या वेळेनंतर तिने ठरवून टाकलं होतं की दोष हातातच आहे, मार्चचा आकडा फुकटचा होता, आणि सरांना हे कधीच कळलं आहे.

विचारांमधला गुंता सोडवताना मी माणसाची वाक्यं ऐकते. मराठीत या कामासाठी एक फार सोयीचं अक्षर आहे, 'च'. तिच्या बोलण्यात ते सगळीकडे होतं. सरांना माझं काम आवडलंच पाहिजे. मला सगळं स्वतःच जमलं पाहिजे. मी त्यातलं एक वाक्य कागदावर लिहिलं, 'च' खोडला आणि 'पाहिजे'च्या जागी 'तर बरं' लिहून तिला वाचायला दिलं. "सरांना माझं काम आवडलं तर बरं." तिने दोनदा वाचलं. "हे खरं आहे," म्हणाली, "पण यात भीती नाहीये." बरोबर आहे. इच्छा पूर्ण झाली नाही तर वाईट वाटतं. हट्ट मोडला तर माणूस स्वतःलाच नापास करतो.

पण एवढ्याने ती सरांच्या खोलीत गेली नाही, हेही सांगायला हवं. विचार सुधारला की पाय आपोआप उचलले जातात असं होत नाही. गाठ सुटली ती तिसऱ्या भेटीत, भलत्याच विषयावरून.

लॅबमधल्या एका मुलाला परिषदेत पोस्टरचं बक्षीस मिळालं होतं आणि परदेशी परिषदेसाठी प्रवासखर्चही मंजूर झाला होता. ती रडवेली होऊन म्हणाली, "बघा ना. मला आजवर एकदाही काही मिळालं नाही."

"किती ठिकाणी अर्ज केला होतास?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"अंदाजे सांग."

"एकाही नाही."

"मग तुला नाकारलं कोणी?"

अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावं. जवळजवळ दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग ती अगदी हळू म्हणाली, "मॅडम, प्रत्येक फॉर्मवर गाइडची सही लागते."

सगळी गोष्ट त्या एका वाक्यात होती. तिच्या लेखी सहीसाठी जाणं म्हणजे निकाल ऐकायला जाणं. सही मागितली की सर आपल्याकडे बघणार, मनातल्या मनात आपल्याला जोखणार, आणि पेन उचलायला जितका उशीर लावतील तितकी आपली लायकी कमी. ते टाळण्यासाठी तिने पुरस्कार सोडले, प्रवासखर्च सोडला, राज्यातल्या विद्यापीठांची आविष्कार संशोधन स्पर्धा सोडली. आणि मग मिळालं नाही म्हणून स्वतःला कमी मानलं. अनेक वर्षं मी या मुलांच्या तक्रारी 'गाइड' आणि 'पुरस्कार' अशा दोन वेगळ्या खणांत ठेवत होते. त्या दोन नाहीत, एकच आहेत, हे मला तिच्यामुळे स्पष्ट दिसलं. तेव्हापासून कोणी म्हणालं की मला काही मिळत नाही, तर मी आधी विचारते, शेवटची सही कधी मागितलीस?

पुढच्या भेटीत तिला एकच काम दिलं. सरांकडून तुला जे जे हवं आहे ते एकेका ओळीत लिही. सात ओळी झाल्या: अभिक्रिया का बिघडली ते सांगणं, एनएमआरचा (रेणूची रचना तपासणाऱ्या यंत्राचा) नंबर लवकर लागणं, लेखाचं इंग्रजी सुधारणं, फेलोशिपचे कागद, शिफारसपत्र, पुढे काय करावं याचा सल्ला, आणि शेवटची ओळ, "तुझं बरं चाललंय असं म्हणणं". मग प्रत्येक ओळीसमोर, हे आणखी कोण देऊ शकेल, त्या माणसाचं नाव. एनएमआरसाठी आयआयटी मुंबईतल्या साइफसारख्या उपकरण-केंद्रांकडे शुल्क भरून नमुने पाठवता येतात, आणि आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणं शोधून वेळ घेता येते. इंग्रजीसाठी लॅबमधली सीनियर. कागदांसाठी विद्यापीठाचा फेलोशिप विभाग. पुढच्या सल्ल्यासाठी संशोधन सल्लागार समितीतले इतर दोन प्राध्यापक. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे दर सत्राला या समितीसमोर प्रगती मांडायचीच असते. मुलं ते सादरीकरण परीक्षेसारखं उरकतात आणि पळतात. खरं तर तिथे तुमचं काम नीट ऐकून घेणारे अनुभवी लोक आयते बसलेले असतात. सादरीकरण संपलं की त्यांना एक नेमका प्रश्न विचारावा.

"बरं चाललंय"समोर तिने शेवटी मैत्रिणीचं नाव लिहिलं आणि कंसात 'आई'. सरांसाठी खास अशा दोनच ओळी उरल्या, अभिक्रिया आणि शिफारसपत्र.

गाइडच्या शांततेचा अर्थ लावताना एक हिशेबही डोळ्यासमोर असावा. नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. त्यावर वर्ग, पेपर तपासणं, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली. सहा-आठ जणांमधला जो स्वतःहून येत नाही तो विसरला जातो. त्यात राग असेलच असं नाही.

भेट कशी मागायची हे आम्ही शब्दशः बसवलं. खोलीच्या दारात उभं राहून "सर, वेळ आहे का?" विचारलं की उत्तर बहुतेक वेळा "नंतर" येतं, कारण किती वेळ आणि कशासाठी हे त्यांना कळत नाही. रात्री अकराला चाळीस स्लाइडची फाइल पाठवली की ती उघडली जात नाही. त्याऐवजी चार ओळींचा मेल: वीस मिनिटं हवीत, मंगळवार किंवा गुरुवार, दोन विषय, सोबत एक पान. पानावर वरच्या भागात काय केलं, तारखांसह. मधे काय बिघडलं, आकड्यांसह; अपयशाचे आकडे लपवायचे नाहीत, उलट तेच आधी. खाली कोणता निर्णय हवा आहे ते एका वाक्यात. "मार्गदर्शन करावे" असं लिहू नये, त्यातून समोरच्याला काहीच समजत नाही. "ही अभिक्रिया आणखी दोन आठवडे करू की दुसरा मार्ग घेऊ?" हा प्रश्न झाला. भेटीनंतर त्याच दिवशी, ठरलं ते पाच ओळींत मेलवर. दोन महिन्यांनी "मी असं म्हणालोच नव्हतो" हा प्रसंग त्यामुळे टळतो.

माझ्यासमोर तिने हे दोनदा बोलून दाखवलं. पहिल्यांदा "सॉरी सर"ने सुरुवात केली. दुसऱ्यांदा केली नाही.

भेट बारा मिनिटं चालली. सरांनी पान वाचलं, बोट तारखांवर ठेवलं आणि विचारलं, "टीएचएफ कुठल्या बाटलीतलं?" टीएचएफ म्हणजे तिच्या अभिक्रियेतलं द्रावक. बाटली एप्रिलमध्ये फोडलेली होती. तिची अभिक्रिया पाण्याच्या अंशानेही बिघडणारी, आणि मार्चची कोरडी हवा जूनमध्ये राहत नाही. द्रावक सोडियम-बेंझोफिनोनवर ताजं वाळवून घे, गडद निळा रंग टिकला की मगच ऊर्ध्वपातन करून गोळा कर, काचेची भांडी रात्रभर ओव्हनमध्ये ठेव, एवढंच त्यांनी सांगितलं. इतक्या आठवड्यांची झोप एका बाटलीत अडकली होती. उठताना सर म्हणाले, "मला वाटलं तू एमपीएससीच्या मागे लागलीस. म्हणून मीही विचारलं नाही."

दोघंही एकमेकांची शांतता वाचत बसले होते, आणि दोघांनीही चुकीची वाचली होती.

आता जे कागद चुकल्याने मुलांचं खरं नुकसान होतं त्यांच्याविषयी. जेआरएफचे महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरच्या श्रेणीची फेलोशिप, झाल्यावर ४२,००० (हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे). सीएसआयआरच्या फेलोशिपमध्ये ही बढती आपोआप मिळत नाही. गाइड, विभागप्रमुख आणि बाहेरचा एक तज्ज्ञ अशी समिती मुलाखत घेते. दोन वर्षं मोजायची ती फेलोशिपवर रुजू झाल्या तारखेपासून, पीएच.डी. नोंदणीच्या नव्हे, यात गफलत फार होते. बाहेरच्या तज्ज्ञाची तारीख मिळायलाच महिना जातो, म्हणून दोन महिने आधी सुरुवात करावी. तिच्याकडे बरोबर नऊ आठवडे होते, आणि सरांना टाळत राहिली असती तर तेही गेले असते. यूजीसीची फेलोशिप असेल तर दर महिन्याला विद्यापीठाकडून पोर्टलवर पुष्टी जावी लागते. पैसे आले नाहीत की मुलं दिल्लीला मेल करत राहतात, आणि कागद आपल्याच इमारतीत खालच्या मजल्यावर अडकलेला असतो. आधी तिथे विचारावं.

शिफारसपत्रासाठी निदान तीन आठवडे द्यावेत. सोबत चार गोष्टी: दोन पानी सीव्ही, संशोधनाचा सारांश, अर्जाची शेवटची तारीख ठळक अक्षरात, आणि आपण त्यांच्यासमोर केलेल्या तीन कामांची टिपणं. पत्र ढोबळ उतरतं ते बहुधा लिहिणाऱ्याला तपशील आठवत नाहीत म्हणून. प्रवासखर्चाच्या अर्जाला परिषदेचं स्वीकृतिपत्र लागतं, तेव्हा परिषदेला आपल्या कामाचा सारांश आधी पाठवावा. सुरुवात देशातल्या परिषदांच्या पोस्टर सत्रांपासून करावी. तिथे बक्षीस मिळो न मिळो, आपल्या विषयातली चार माणसं पोस्टरसमोर थांबून प्रश्न विचारतात, आणि त्यातला एखादा पुढे पोस्ट-डॉकसाठी (पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी) ओळख ठरू शकतो.

सगळेच गाइड फक्त व्यग्र असतात असं मी म्हणत नाही. अपमान, धमकी, घरची कामं सांगणं, सहीसाठी अडवणूक हे घडतं, आणि तिथे 'च' खोडून काही होत नाही. तारखा आणि मेल जपून ठेवावेत, विभागप्रमुख आणि सल्लागार समितीला लेखी कळवावं. तिथे दाद लागली नाही तर यूजीसीच्या २०२३च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि त्यावर लोकपाल आहे. लैंगिक त्रास असेल तर अंतर्गत समितीकडे थेट जावं, गाइडला किंवा विभागाला आधी विचारण्याची गरज नाही. गाइड बदलता येतो. तो पळ नाही. आणि झोप पूर्ण गेली असेल, जगणं नको वाटत असेल, तर कागद बाजूला ठेवून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. मराठीत बोलता येतं.

तिची एसआरएफची मुलाखत वेळेत झाली. बाहेरच्या तज्ज्ञांनी तीस टक्क्यांच्या त्या अकरा प्रयोगांबद्दलच सर्वांत जास्त विचारलं, आणि तिने पावसापासून द्रावकापर्यंत सगळं सांगितलं. प्रवासखर्चाचा पहिला अर्ज नामंजूर झाला. ते सांगायला ती आली तेव्हा हिरमुसलेली होती, पण रात्री झोपली होती. शेवटच्या भेटीत आम्ही मनाबद्दल कमी आणि पैशांबद्दल जास्त बोललो. पीएच.डी.ची मुदत सहा वर्षांची, फेलोशिप पाचच वर्षांची, मग शेवटच्या वर्षाचं खोलीभाडं कुठून येणार? तिने वहीत दरमहा बाजूला टाकायचा आकडा लिहिला. त्याच पानावर खाली पुढच्या अर्जाची तारीख होती आणि शेजारी पेन्सिलीने, 'सरांची सही, गुरुवारी'.