आहार बाळावर सोपवावा का?

प्रश्न : माझे बाळ दहा महिन्यांचे आहे. भरवायला बसले की दोन घास खाऊन तोंड फिरवते आणि नवा पदार्थ तर थुंकूनच टाकते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका डॉक्टरांनी तान्ह्या मुलांना हवे ते खाऊ दिले आणि ती उत्तम वाढली, असे वाचनात आले. मग काय खायचे ते मीही बाळावरच सोपवावे का? — एक आई

उत्तर : आपण वाचलेला प्रयोग खरा आहे, मात्र त्याची हकीकत बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते. बालरोगतज्ज्ञ डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२६ मध्ये तो क्लीव्हलंड येथे सुरू केला आणि पुढे शिकागोत चालू ठेवला. सहा ते अकरा महिन्यांची, तोवर वरचे अन्न न चाखलेली १५ मुले त्यात होती. चार कमी वजनाची होती, तर पाच जणांना मुडदूस (हाडे मऊ पडण्याचा विकार) झाला होता. ३४ पदार्थांच्या यादीतील काही पदार्थ प्रत्येक जेवणाला वेगवेगळ्या भांड्यांत मांडले जात. परिचारिका चमचा घेऊन शेजारी बसे. बाळाने एखाद्या भांड्याकडे हात केला तरच तिने त्यातला घास उचलायचा आणि बाळाने तोंड उघडले तरच तो भरवायचा. स्वतःहून काही सुचवायचे नाही, की बाळाने काय खाल्ले, काय टाकले यावर चकार शब्द काढायचा नाही, असा दंडक होता.

मुलांच्या निवडीला वरकरणी काही ताळतंत्र नव्हते. न्याहारीला अर्धा लिटर संत्र्याचा रस आणि कलेजी, तर रात्री अंडी, केळी आणि दूध, अशीही जेवणे झाली. मीठ वेगळे ठेवलेले असे. ते तोंडात घातल्यावर मुले ठसकत, रडतसुद्धा, पण थुंकत नसत आणि पुन्हा त्याकडेच वळत. मुडदूस झालेल्या एका बाळापुढे कॉड लिव्हर ऑइलचा, म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व असलेल्या माशाच्या तेलाचा, छोटा पेला ठेवला जाई. मुडदूस बरा होईपर्यंत ते बाळ कमीजास्त प्रमाणात ते तेल पीत राहिले आणि त्यानंतर त्याने ते घेतले नाही. सारी मुले धष्टपुष्ट झाली.

यावरून बाळाला पोषणशास्त्र उपजतच कळते, असे अनेकांनी मानले. डेव्हिस यांनी तसे मानले नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. १९३९ च्या आपल्या लेखात त्यांनी स्पष्ट केले की सारी मेख पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर नव्हती, डबाबंद पदार्थ नव्हते. जे होते ते ताजे, साधे आणि सकस होते, त्यामुळे बाळाने कशालाही हात घातला तरी फारसे बिघडण्याजोगे नव्हते. प्रक्रिया केलेले पदार्थ ठेवून हाच प्रयोग करण्याची त्यांची इच्छा होती, पण महामंदीत पैसा आटला आणि ते राहूनच गेले. शिवाय मुले अवघी १५ आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही, त्यामुळे या निष्कर्षांवर मर्यादेपलीकडे भार टाकू नये, असे मला वाटते.

म्हणून काय आणि केव्हा द्यायचे ते आपण ठरवावे. किती खायचे ते बाळाला ठरवू द्यावे. सहा महिन्यांनंतर केवळ दुधातून पुरेसे लोह मिळत नाही, त्यामुळे ताटात लोहयुक्त पदार्थ हवेतच; साखर टाळावी आणि वर्षाच्या आत मध अजिबात देऊ नये. स्तनपान दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तोंड फिरवणे, चमचा ढकलणे ही पोट भरल्याची खूण असते. त्यानंतर खेळ किंवा मोबाईल दाखवून कोंबलेला घास बाळाची ही जाण बोथट करतो, आणि मला हीच सवय सर्वांत घातक वाटते. नव्या पदार्थाचे म्हणाल, तर एकदा थुंकणे म्हणजे कायमचा नकार नव्हे. तोच पदार्थ सक्ती न करता आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा पुढे आल्यावर अनेक मुले तो स्वीकारतात, असे संशोधनात वारंवार दिसले आहे.

दोन घास कमी गेले की काय, यापेक्षा वाढीच्या तक्त्यावरील रेषा कशी चालली आहे ते पाहावे. ती सपाट होऊ लागली, बाळ मलूल दिसू लागले किंवा गिळताना वारंवार ठसका लागू लागला, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये.