उशीवरची लेस शिकायला निघालेल्या मुलीला

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचून फार आनंद झाला. बहिणीच्या लग्नात ब्लाउजच्या बाह्यांना स्वतःच्या हातची बॉबिन लेस लावायची, हे तू ठरवलंस ते उत्तमच. बॉबिन म्हणजे धागा गुंडाळलेल्या छोट्या काड्या; त्या एकमेकींवरून नेत, उशीवर टाचण्या टोचून ही लेस विणतात. पण तू म्हणतेस ती हनिटन लेस आत्ता नको. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या त्या लेसची फुलं-पानं सुटी विणायची असतात आणि मग एकमेकांना जोडायची असतात. धागाही इतका बारीक, की नवख्या हातात तो बॉबिनवर गुंडाळतानाच तुटतो. १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नाच्या पोशाखाला ती लावली होती, म्हणून तिचा बोलबाला मोठा. तू टॉर्शन या सोप्या प्रकारच्या लेसपासून सुरुवात कर. टॉर्शनला साधी म्हणून नाक मुरडणारे भेटतील, त्यांचं मनावर घेऊ नकोस. तिची जाळी ४५ अंशांच्या तिरक्या रेघांवर बसते, आलेखाच्या कागदावर तुझी तुला आखता येते, आणि प्रत्येक धागा कुठून आला आणि कुठे चालला हे डोळ्यांना दिसतं. मला तुला हेच शिकवायचंय.

बॉबिन लेसमध्ये हालचाली दोनच. दोन-दोन बॉबिनच्या दोन जोड्या हातात घ्यायच्या, म्हणजे चार धागे. मधल्या दोघांतला डावा उजव्यावरून नेला की क्रॉस. मग दोन्ही जोड्यांत उजवा डाव्यावरून नेला की ट्विस्ट. क्रॉस-ट्विस्ट झालं की हाफ स्टिच, क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस झालं की कापडासारखी दाट क्लॉथ स्टिच. टॉर्शनच्या जाळीला क्रॉस-ट्विस्ट, टाचणी, पुन्हा क्रॉस-ट्विस्ट. १५५९ साली व्हेनिसमध्ये या लेसच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं गेलं, तेव्हाही हात याच दोन हालचाली करत होते.

मग अवघड काय? कोणती जोडी कधी उचलायची, ते. व्हिडिओ बघून ‘आता तिसरी घे, आता पाचवी घे’ असं पाठ केलंस तर तो एक नमुना येईल, दुसरा समोर आला की हात थांबतील. म्हणून विणायच्या आधी नमुन्याचा कागद आणि रंगीत पेन्सिली घेऊन बस. एक रेघ म्हणजे एक जोडी. बेल्जियमच्या पद्धतीत क्लॉथ स्टिच जांभळी, हाफ स्टिच हिरवी आणि क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस-ट्विस्ट लाल रंगात दाखवतात. ही जोडी वरून तिरकी येते, नमुन्यावरच्या या भोकापाशी दुसरीला भेटते, टाचणी मध्ये बसते, मग दोघी आपापल्या दिशेने जातात, असं तोंडाने म्हणत रेघ ओढ. कंटाळवाणं वाटेल, तरी कर.

कडेचा पंखा, म्हणजे पंख्याच्या आकाराची नक्षी, विणताना एक गोष्ट नीट बघ. तिथे एकच जोडी इकडून तिकडे फिरते, बाकीच्या नुसत्या उभ्या लोंबत असतात. फिरती जोडी टाचणीपाशी आली की तिला ट्विस्ट द्यायचा, टाचणी किंचित बाहेर कलती ठेवायची आणि परत वळायचं. वळल्यावर उभ्या जोड्या हलक्या हाताने खाली ओढून सारख्या कर. हे राहिलं की पंख्याच्या पोटात भोकं पडतात.

चूक चार टाचण्यांनंतर दिसली, तरी कात्री उचलायची नाही. आल्या वाटेनेच उलट जायचं: ट्विस्ट सोडव, क्रॉस सोडव, टाचणी काढ. उलटं जाताना धाग्याची वाट जितकी कळते, तितकी पुढे जाताना कळत नाही.

सामानाला फार पैसे घालू नकोस. साधी उशी आणि चोवीस जोड्या बॉबिन पुष्कळ झाले; बाहीच्या अरुंद लेसला दहा-बारा जोड्यांत भागतं. पहिल्या लेसला रेयॉन किंवा जरीचा धागा नको, सुती किंवा लिनन घे. नमुन्यातला धागा मिळाला नाही तर पट्टीवर धागा शेजारी-शेजारी गुंडाळ आणि एका सेंटिमीटरात किती वेढे बसतात ते मोज. वेढे सारखे आले तर तो धागा चालेल. जोडी भरताना धागा मध्ये कापायचा नाही. एका बॉबिनवर हवा तेवढा गुंडाळायचा, उरलेला दुसऱ्या टोकाने दुसऱ्या बॉबिनवर, म्हणजे जोडी टाचणीवर गाठीशिवाय लटकते.

आणि एकटी शिकू नकोस. तू इंग्लंडात लेस्टरला आहेस, तिथून बेडफर्ड काही लांब नाही. या भागात पिढ्यान्‌पिढ्या पोट भरायला लेस विणली गेली. पाच-सहा वर्षांची पोरं लेसच्या शाळांत दिवसभर उशीपुढे बसायची. जॉन हीथकोटच्या, लेसची जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट १८०८-०९ मधलं. पुढे यंत्रं सुधारत गेली आणि हातच्या लेसचा भाव पडला. इथल्या बॉबिनना खाली काचेचे मणी असतात आणि हाडाच्या बॉबिनवर ठिपक्यांनी नावं कोरलेली असतात: प्रियकराचं, आईचं, क्वचित फाशी दिलेल्या माणसाचंसुद्धा. त्या काळी लेस विणणाऱ्या बायांच्या हातची वीण बेडफर्डच्या हिगिन्स संग्रहालयात जाऊन जवळून बघ. थॉमस लेस्टर या बेडफर्डच्या व्यापाऱ्याकडची लेस तिथे आहे.

आज छंद म्हणून विणणारी माणसं मात्र जगभर आहेत. इंग्लंडचं लेस गिल्ड, म्हणजे लेस विणणाऱ्यांची संघटना, १९७६ पासून चालू आहे. स्लोव्हेनियात इद्रिया या पाऱ्याच्या जुन्या खाणीच्या गावात १८७६ साली सुरू झालेली लेसची शाळा अजून चालते. तिथल्या या कलेला २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आणि तू ‘ही काही आपली कला नाही’ असं लिहिलंयस, म्हणून सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मार्था मॉल्ट या मिशनरीबाईंनी दक्षिणेतल्या नागरकोइलच्या शाळेत मुलींना हीच उशीवरची लेस शिकवली. हिंदुस्थानी हातांना ती नवी नाही.

लेस विणणाऱ्यांच्या गटात पहिल्यांदा जाशील तेव्हा संकोच करू नकोस. तिथे बहुतेक जणी सत्तरीच्या आसपासच्या असतात आणि नवी मुलगी आली की त्यांना कोण आनंद होतो. बऱ्याच गटांत नवशिक्यांना उशी उसनी मिळते. कुणी विणत असेल तर शेजारी खुर्ची ओढून हातांकडे बघ, टाचणी बसेपर्यंत थांब आणि मग विचार. मधेच विचारलंस तर त्यांची जोडी चुकते. दुसऱ्याच्या उशीवरच्या बॉबिनला न विचारता हात लावायचा नाही, एवढं एक पाळ.

बाहीचा घेर सेंटिमीटरमध्ये कळव. पंख्यांची संख्या पूर्ण यायला हवी, म्हणजे दोन टोकं नीट जुळतात. त्या मापाने मी नमुना आखून पाठवते. दोन्ही बाह्यांना धागा मात्र एकाच रिळाचा घे, नाहीतर पांढऱ्या-पांढऱ्यातही फरक दिसतो.

तुझी,
मावशी