लाइक दिसलं म्हणजे उपमा नव्हे

वाचकांचे प्रश्न : इंग्रजीतले अलंकार

या महिन्यात आलेल्या पत्रांत इंग्रजी कवितेतल्या 'फिगर्स ऑफ स्पीच'विषयीचे प्रश्न जास्त होते, म्हणून हा सगळा भाग त्यांनाच दिला आहे. उदाहरणं आम्ही स्वतः रचली आहेत. पुस्तकातल्या ओळी मुलांना उत्तरासकट पाठ असतात, त्यामुळे अलंकार कळला की नाही ते कळत नाही. इंग्रजी वाक्यं देवनागरीत का लिहिली, ते दुसऱ्या उत्तरात येईल.

प्रश्न : ओळीत 'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की मी सिमिली (उपमा) लिहिते. चाचणीत तीनपैकी दोन उत्तरं चुकली. असं का?
(बारावीची विद्यार्थिनी, शाहूपुरी)

कारण तुम्ही शब्द पाहिलात, तुलना पाहिली नाहीत. 'ॲज द सन सेट, वी लेफ्ट रंकाळा' यातला 'ॲज' फक्त वेळ सांगतो. 'ही इज ॲज टॉल ॲज हिज फादर' यात तुलना आहे, पण माणसाची माणसाशी, उंचीची उंचीशी. ती नुसती मोजणी झाली. उपमेला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात. त्याच मुलाला 'ॲज टॉल ॲज शुगरकेन' म्हणा, की सिमिली झाली.

शाळेत मराठी व्याकरणात शिकलेले उपमेचे चार भाग इथे जसेच्या तसे वापरा. ओळ घ्या : 'द मिस्ट ले ऑन पन्हाळा लाइक ॲन ओल्ड क्विल्ट.' धुकं हे उपमेय, जुनी गोधडी हे उपमान, जाडसर पसरून झाकणं हा साधारण धर्म आणि 'लाइक' हा साधर्म्य दाखवणारा शब्द. उत्तरात चारही यायला हवेत : 'द मिस्ट इज कम्पेअर्ड टु ॲन ओल्ड क्विल्ट, बिकॉज बोथ लाइ थिक अँड कव्हर व्हॉट इज बिनीथ. द वर्ड लाइक मेक्स द कम्पॅरिझन डायरेक्ट.' बहुतेकांचा तिसरा भाग सुटतो. 'कम्पेअर्ड टु अ क्विल्ट' एवढ्यावर थांबलात तर तुलना कशावरून केली ते सांगायचं राहिलं, आणि गुण तिथेच जातात.

'लाइक' काढून 'द मिस्ट वॉज ॲन ओल्ड क्विल्ट' म्हटलं तर मेटाफर, म्हणजे आपलं रूपक. 'ॲज इफ' आलं तर मराठीत आपण उत्प्रेक्षा म्हणतो. इंग्रजीच्या अभ्यासक्रमात तिला वेगळं नाव नाही, सिमिलीच लिहा.

प्रश्न : ॲलिटरेशन शिकवताना मुलं अक्षरं मोजतात. त्यांना ध्वनी ऐकायला कसं लावायचं?
(शिक्षक, गडहिंग्लज)

ॲलिटरेशन म्हणजे जवळच्या शब्दांच्या सुरुवातीला तोच ध्वनी पुन्हा येणं, आपला अनुप्रास. ओळ देवनागरीत लिहून घ्या. ही युक्ती इंग्रज मुलाकडे नाही, आपल्याकडे आहे. 'सिटी चिल्ड्रन केम' हे तीन शब्द इंग्रजीत एकाच 'सी'ने सुरू होतात. देवनागरीत उतरवले की स, च आणि क असे तीन वेगळे ध्वनी समोर येतात, म्हणजे ॲलिटरेशन नाही. उलट 'फ्यू फोन्स, फॅन्सी फोटोज' यात इंग्रजी अक्षरं 'एफ' आणि 'पीएच' अशी दोन प्रकारची, पण ध्वनी एकच, फ. 'नो नाइफ निअर द नेट' यातल्या 'नाइफ'चा 'के' मुका आहे, म्हणून तोही शब्द धरायचा. 'वन वाइज वूमन' यात तर 'वन'चं पहिलं अक्षर स्वर आहे, तरी कानाला 'व'च येतो.

एका ठिकाणी मात्र देवनागरी दगा देते. इंग्रजीत 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हे दोन निराळे ध्वनी आहेत. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू होतो. आपण दोन्हीला 'व' लिहून मोकळे होतो आणि 'व्हॅलीज अँड वॉटर्स'ला ॲलिटरेशन ठरवतो. 'डब्ल्यू'ला 'व' आणि 'व्ही'ला 'व्ह' हे वर्गात पक्कं ठरवून घ्या.

'द', 'दॅट', 'दिस' असले किरकोळ शब्द मोजू नयेत. तोच शब्द दोनदा आला तर ते रिपिटिशन. जवळजवळचे दोन शब्दही पुरतात, पण उत्तरात ते शब्द आणि तो ध्वनी लिहायलाच हवा. 'देअर इज ॲलिटरेशन इन धिस लाइन' हे उत्तर नव्हे.

प्रश्न : मेटॉनमी आणि सिनेक्डकी यांत माझा कायम घोळ होतो.
(बी.ए.चा विद्यार्थी, कागल)

घोळ होणारच. मराठीत दोन्ही लक्षणेच्या (शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्याच्या) पोटात येतात, त्यामुळे वेगळं करायची सवय नसते. गुऱ्हाळावर चला. 'द काहील इज बॉइलिंग.' काहील लोखंडाची, ती काही उकळत नाही. उकळतो तो तिच्यातला रस. भांड्याचं नाव घेऊन आतली वस्तू सांगितली. काहील रसाचा भाग नाही, फक्त त्याच्या संगतीची आहे, म्हणून मेटॉनमी. आता 'द गुऱ्हाळ नीड्स टेन हँड्स.' इथे माणसं पाच लागणार नाहीत, दहा लागतील. हात माणसाचा भाग आहे आणि त्या भागाने अख्खा माणूस सांगितला, म्हणून सिनेक्डकी. कसोटी एकच : नाव घेतलेली गोष्ट अभिप्रेत गोष्टीचा भाग आहे का, की नुसती शेजारीण?

आता खरी अडचण. 'शिवाजी पेठ वन द मॅच.' फुटबॉलच्या दिवसांत हे वाक्य कोल्हापुरात रोज ऐकू येतं. जागेचं नाव घेऊन तिथली माणसं सांगितली असं धरलं तर मेटॉनमी. अख्खी पेठ म्हणून त्यातले अकराच खेळाडू सांगितले असं धरलं तर संपूर्णावरून भाग, म्हणजे सिनेक्डकी. जाणकारही अशा वाक्यांवर एकमत होत नाहीत. आम्हाला मेटॉनमी जास्त पटते, कारण पेठ म्हणजे गल्ल्या आणि घरं, आणि खेळाडू हा घराचा भाग नव्हे. परीक्षेत मात्र जे नाव लिहाल त्याला जुळणारं कारण द्या. मेटॉनमी लिहून खाली 'होल फॉर द पार्ट' लिहिलं तर दोन्हीकडून गेलात.

प्रश्न : ॲपॉस्ट्रॉफी म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचं ते चिन्ह ना? कवितेत ते अलंकार कसं होतं?
(पालक, इचलकरंजी)

एकाच ग्रीक शब्दातून आलेल्या या दोन गोष्टी आहेत. मूळ अर्थ 'पाठ फिरवणं'. श्रोत्यांकडे पाठ फिरवून वक्ता भलत्यालाच हाक मारतो, तो अलंकार. गाळलेल्या अक्षराच्या जागी येतं, ते चिन्ह. समोर नसलेल्या माणसाला किंवा निर्जीव वस्तूला थेट संबोधन असेल तरच हे नाव.

पर्सॉनिफिकेशनशी याची गल्लत होते. कोल्हापूरच्या पंचगंगा नदीची राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट. 'द पंचगंगा रोज टु फॉर्टी-थ्री फीट' ही बातमी आहे, अलंकार नाही. 'द पंचगंगा रिफ्यूज्ड टु गो डाउन' यात नकार देणं हे माणसाचं काम नदीला दिलं, ते पर्सॉनिफिकेशन. 'ओ पंचगंगा, गो डाउन!' म्हटलं की ॲपॉस्ट्रॉफी. शेवटच्या ओळीत दोन्ही दाखवता येतात, पण एकच विचारलं असेल तर ॲपॉस्ट्रॉफी लिहा. 'ओ' आणि नाव ओळीत दिसतं, सिद्ध करायला सोपं जातं.

प्रश्न : ऑक्सिमोरॉन, पॅराडॉक्स, अँटिथिसिस. थोडक्यात सांगा.
(बारावीचा विद्यार्थी, जयसिंगपूर)

विरोधी शब्द एकमेकांना चिकटले तर ऑक्सिमोरॉन : 'लाउड सायलेन्स'. अख्खं विधान उलटं वाटतं पण विचार केल्यावर पटतं, तो पॅराडॉक्स : 'द मोअर ही लर्न्ड, द लेस ही न्यू'. दोन विरोधी कल्पना तराजूच्या दोन पारड्यांसारख्या समोरासमोर, ती अँटिथिसिस : 'ही प्रॉमिस्ड मच अँड पेड लिटल'. इथे विसंगती काही नाही, नुसता विरोध आहे. पहिल्याचं नाव विसरत असाल तर ग्रीकमध्ये 'ऑक्सिस' म्हणजे तीक्ष्ण आणि 'मोरॉस' म्हणजे मठ्ठ. नावच ऑक्सिमोरॉन आहे.